काचपट्टीवर न मावणाऱ्या ग्रंथी

पनवेलची जुनी ओळख सांगायची तर खाडीवरचे बंदर आठवते, घाटावरून उतरणाऱ्या मालाची पेठ आठवते, शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके आणि कर्नाळ्याचा सुळका आठवतो. औषधांचे म्हणाल तर वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये सुरू केलेला धूतपापेश्वरचा कारखाना. या यादीत खारघर सहसा येत नाही. खारघर म्हणजे नवी मुंबई असे आम्ही जुने पनवेलकरही बोलून जातो. वास्तविक ते पनवेल तालुक्यातले गाव, आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेचा भाग. या खारघरात २००२ मध्ये परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट आपले बिऱ्हाड घेऊन आली. आज तिला आपण ॲक्ट्रेक म्हणतो. पूर्ण नाव ॲडव्हान्स्ड सेंटर फॉर ट्रीटमेंट, रिसर्च अँड एज्युकेशन इन कॅन्सर. रिक्षावाल्यांना मात्र ‘टाटा हॉस्पिटल’ एवढेच पुरते.

मी पनवेलमध्ये तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. ऊतिशास्त्राच्या तासाला स्वादुपिंडाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि विद्यार्थ्यांकडून आकृती काढून घ्यायची, हा दर वर्षीचा शिरस्ता. गडद जांभळ्या पेशींच्या गर्दीत एक फिकट, गोलसर ठिपका दिसे. त्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढायचे, बाण काढायचा, ‘लँगरहान्सची द्वीपिका’ असे लिहायचे, की पैकीच्या पैकी गुण. त्या ठिपक्यात रक्तवाहिनी कुठे आहे, असे फार थोडी मुले विचारत. प्रश्न मात्र बिनतोड होता. संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथींना आपण विनाल म्हणतो, कारण त्यांना स्वतःची नळी नसते. लाळेला नळी आहे, पित्ताला नळी आहे, इन्सुलिनला नाही. पेशीने तयार केलेला थेंब शेजारच्या केशवाहिनीत पडतो आणि रक्ताबरोबर गावभर जातो. म्हणजे या ग्रंथीची नळी म्हणजे रक्तच. तेव्हा रक्तवाहिनीवाचून काढलेले तिचे चित्र निम्मेच म्हणायचे. आणि आपला नेहमीचा छेद नेमकी रक्तवाहिनीच तोडतो.

छेदाची जाडी साधारण ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची पाचपट. एखादी द्वीपिका १०० ते २०० मायक्रॉनची असते. तिचे वीस ते चाळीस काप होतील, त्यातला एक आपण पाहतो. वळणावळणाने गेलेली केशवाहिनी त्या कापात कुठे टिंब म्हणून दिसते, कुठे फट म्हणून, कुठे दिसतच नाही. दिवाळीचे दिवस आहेत म्हणून सांगतो : बुंदीचा लाडू सुरीने मधोमध कापून पाहावा. सगळ्या बुंद्या जवळजवळ एका मापाच्या असतात, पण कापलेल्या पृष्ठावर काही मोठी वर्तुळे दिसतात, काही लहान, काही निव्वळ ठिपके. कारण सुरी एखादीच्या पोटातून जाते, तर एखादीच्या कडेला नुसती शिवून जाते. या वर्तुळांवरून बुंदीचे खरे माप कसे काढावे, हा गणिताचा अवघड प्रश्न आहे. स्वीडनच्या विक्सेल यांनी १९२५ मध्ये तो शरीरातल्या गोलसर पेशीपुंजांसाठी मांडला. बुंदीची गोष्ट इथे संपते. पण लाडूतून एखादा धागा फिरत गेलेला असेल, तर त्याची वाट एका कापातून सांगणे कोणालाही शक्य नाही.

या फिकट ठिपक्यांचा शोध एका विद्यार्थ्याचा. पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये बर्लिनला आपला प्रबंध सादर केला तेव्हा त्यांचे वय अवघे २१ होते. सशाच्या स्वादुपिंडात त्यांना लहान, बहुकोनी पेशींचे पुंजके आढळले. त्यांचे काम काय, हे आपल्याला माहीत नाही असे त्यांनी सरळ सांगून टाकले. प्रबंधात असा सरळपणा आजही दुर्मीळ आहे. पुढे क्षयाने गाठल्यामुळे ते मदेरा बेटावर राहायला गेले आणि १८८८ मध्ये, एकेचाळिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच वारले. त्यांच्या हयातीत या पुंजक्यांना त्यांचे नाव मिळालेच नव्हते. ते दिले फ्रान्सच्या एदुआर लागेस यांनी १८९३ मध्ये. आणि हे पुंजके रक्तात काही सोडत असावेत असा तर्कही त्यांनीच केला.

या दोघांच्या मधली एक नोंद पाठ्यपुस्तकांतून गळून गेली आहे. १८८२ मध्ये क्यूने आणि शेरिडन ली यांनी सशाच्या स्वादुपिंडातील रक्तवाहिन्यांचे वर्णन केले. जिथे जिथे हे पुंजके आहेत तिथे तिथे केशवाहिन्यांची दाट गुंतवळ आहे, मूत्रपिंडातल्या गुच्छासारखी, हे त्यांना दिसले होते. पेशी हार्मोन करतात हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. हार्मोन हा शब्दच स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला. पण रक्तवाहिन्यांनी आधीच चुगली केली होती. एवढे रक्त ज्या जागी जाते तिथे काहीतरी देवघेव चालू असणारच. आज आपल्याला ठाऊक आहे की द्वीपिकांचे वजन स्वादुपिंडाच्या १ ते २ टक्केच असते, पण स्वादुपिंडात येणाऱ्या रक्तातला त्याच्या कितीतरी पट वाटा त्या घेतात. क्यूने आणि ली यांच्या निरीक्षणाचा धागा तेव्हाच कोणी ओढला असता तर काय झाले असते, हा इतिहासातला ‘जर-तर’ झाला. पण मला तो सोडवत नाही.

खोली पाहण्याची तळमळ त्या काळीही होती. १८८३ मध्ये गुस्ताव बोर्न यांनी एक चिकाटीची युक्ती काढली. ओळीने केलेल्या प्रत्येक छेदाची आकृती मोठी करून मेणाच्या पट्टीवर उतरवायची, ती कापायची, आणि शेकडो पट्ट्या एकावर एक रचून अवयवाचा पुतळा उभा करायचा. आपल्याकडे लाकडी फळीवर ठाण मांडून गणपती घडवणारे कारागीर आहेत, पेण काही लांब नाही. पण बोर्न यांची मूर्ती आतूनही खरी होती. एकेका भ्रूणासाठी महिनेच्या महिने जात. दुसरी वाट लाइपझिगच्या वेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांची. कापायचेच नाही, अवयवच पारदर्शक करायचा. फराळाच्या पुडीला तेल लागले की कागद आरपार दिसू लागतो, तेच तत्त्व. ऊतीतले पाणी काढून प्रकाशाला सारखेच वळवणारे तेल तिच्यात मुरवले की प्रकाश विखुरत नाही. १९११ च्या सुमारास त्यांनी यासाठी जे तेल वापरले त्यात मुख्य होते मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे विंटरग्रीनचे तेल. गुडघेदुखीच्या मलमाला जो उग्र वास येतो तो त्याचाच. शरीरशास्त्राच्या संग्रहालयांतून काचेच्या भांड्यांत ठेवलेली ती पारदर्शक हृदये आणि हात पाहून लोक थक्क होत. संशोधनात मात्र ही युक्ती शंभर वर्षे जवळजवळ अडगळीत पडली. आरपार दिसत होते, पण कोणती पेशी कोणती हे वेगळे दाखवायची सोय नव्हती.

रक्तवाहिनी चुकली की सगळा सिद्धान्तच कसा उलटा होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण पीयूषिकेचे. मेंदूच्या खाली, हाडाच्या वाटीत बसलेली ही वाटाण्याएवढी ग्रंथी. तिला सगळ्या ग्रंथींची राणी म्हणत. पण राणीला आज्ञा कोण देते? तिच्या पुढच्या भागात मेंदूतून आलेले मज्जातंतू जवळजवळ सापडत नव्हते. मग ऋतू, प्रकाश, भीती यांची खबर तिला लागते कशी? १९३० मध्ये लंडनमध्ये काम करणारे रुमानियाचे ग्रेगोर पोपा आणि ऑस्ट्रेलियाच्या उना फील्डिंग यांनी पीयूषिकेच्या देठात रक्तवाहिन्यांची एक खास जोडणी दाखवली. देठाच्या वरच्या टोकाला केशवाहिन्यांचे एक जाळे, खाली ग्रंथीत दुसरे, आणि दोहोंना जोडणाऱ्या लांब शिरा. यकृतात जशी प्रतिहारी शीर, तशीच ही व्यवस्था. शोध मोठा होता. पण रक्त कोणत्या दिशेने वाहते? पोपा आणि फील्डिंग म्हणाले, खालून वर, ग्रंथीकडून मेंदूकडे.

इथे त्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मृत ऊतीच्या छेदात रक्त थांबलेले असते. नदी आटल्यावर पात्र दिसते. ओढ कुठे होती हे उतारावरून ओळखावे लागते. बोस्टनच्या विसलॉकी आणि किंग यांनी १९३६ मध्ये रचनेचा आणखी बारकाईने अभ्यास करून ओढ उलट, वरून खाली असल्याचे मांडले. त्याच्या आदल्याच वर्षी ब्वेनोस आयरेसला उसाय आणि सहकाऱ्यांनी जिवंत भेकाच्या देठात रक्त खाली उतरताना पाहिले होते. इंग्लंडमध्ये जेफ्री हॅरिस यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. १९४९ मध्ये ग्रीन आणि हॅरिस यांनी जिवंत उंदरात तो प्रवाह प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला : वरून खाली. १९५२ मध्ये हॅरिस आणि डोरा याकोबसन यांनी पीयूषिका काढून टाकलेल्या उंदरात दुसऱ्या उंदराची पीयूषिका मेंदूच्या नेमक्या त्या जागेखाली बसवली, जिथे या शिरा तिच्यात शिरू शकतील; ग्रंथी पुन्हा कामाला लागली. थोडी बाजूला, मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसवली तेव्हा ती जिवंत राहिली, पण मुकी. हॅरिस यांच्यावर टीका करणारेही लहान नव्हते. सॉली झुकरमन यांच्यासारखा वजनदार शास्त्रज्ञ विरुद्ध उभा होता. वाद निवळला तो मेंदूतून खाली उतरणारी रसायने हाती लागल्यावरच. शाली आणि गियमँ यांनी कत्तलखान्यांतून आणलेल्या डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूंचे लाखांनी तुकडे गाळून १९६९ मध्ये त्यातले पहिले रसायन ओळखले. १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हॅरिस १९७१ मध्येच गेले होते. वंध्यत्वावरच्या उपचारांत आज जी इंजेक्शने दिली जातात, त्यांतली काही याच रसायनांच्या कुळातली आहेत. त्यांच्या मुळाशी देठातली ती चार-दोन मिलिमीटरची वाट आहे, आणि ती चढण की उतार हा वाद.

आता आपल्याकडे वळू. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. लंडनला विकृतिशास्त्र शिकून आलेले खानोलकर छेद वाचण्यात वाकबगार होते. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक असे त्यांना म्हणतात. १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. पुढे तीच कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली, आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संस्था मिळून टाटा मेमोरियल सेंटर बनले. खारघरच्या संस्थेची कुळकथा ती ही.

या कुळात एक बाई आहेत ज्यांच्याविषयी मराठी वाचकांनी अधिक वाचायला हवे होते. कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. शिक्षण हुजूरपागेत, मग फर्ग्युसनला. १९३९ मध्ये गणिताचे प्राध्यापक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. म्हणजे सूक्ष्मदर्शकाची बैठक झाडांवर पक्की झाली आणि मग माणसाच्या रोगाकडे वळली. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेला या नावाने जगभर पोचलेल्या पेशी ज्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये प्रथम वाढल्या, तीच ही. परत येऊन त्यांनी परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आपल्याकडच्या अशा अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते.

रणदिवेबाईंचा मुख्य विषय स्तनाचा कर्करोग आणि त्यामागचे त्रिकूट : आनुवंशिकता, विषाणू आणि संप्रेरके. या तिघांची भांडणे तेव्हा ताजी होती. फ्रान्सच्या लाकासान्य यांनी १९३२ मध्ये नर उंदरांना स्त्रीसंप्रेरक टोचून त्यांच्यात स्तनाच्या गाठी उठवल्या होत्या. अमेरिकेच्या बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले की आईच्या दुधातून पिलांकडे गाठीचे काहीतरी कारण जाते; ते पुढे विषाणू ठरले. परळला या बाबतीत प्रयोग करायचे तर उंदरांच्या शुद्ध जाती हव्यात, पिढ्यान्‌पिढ्या नोंदी हव्यात, वेळेवर दाणा-पाणी हवे. आयसीआरसी नावाची उंदरांची एक जात तिथेच रुजली. आपल्याकडे विज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण शोध सांगतो, पण पिंजरे धुणाऱ्यांचा आणि वहीत तारखा टाकणाऱ्यांचा उल्लेख टाळतो. अशा कामाचा निम्मा भार त्यांच्यावर असतो.

या उंदरांनी सूक्ष्मदर्शकवाल्यांना एक अनपेक्षित सवलत दिली आहे. उंदराची स्तनग्रंथी कातडीखाली चरबीच्या पातळ थरात पसरलेली असते. ती न कापता, अख्खी सोलून काचेवर पसरता येते. रंगवून, तेलात मुरवून पाहिली की फांद्या, डहाळ्या, कळ्यांसकट पूर्ण झाड दिसते. अंडाशय काढलेल्या उंदरीचे झाड खुरटलेले, गाभण उंदरीचे बहरलेले. जगभरच्या स्तनग्रंथी-संशोधकांची ही नित्याची पद्धत. ही ग्रंथी संप्रेरके तयार करणारी नाही, त्यांचे ऐकणारी आहे, हे खरे. पण संप्रेरकांचे काम पातळ छेदापेक्षा अख्ख्या ग्रंथीत किती स्पष्ट दिसते हे तिनेच शिकवले. स्वादुपिंड किंवा पीयूषिका अशी पसरता येत नाही, हीच तर अडचण.

रणदिवेबाई १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्यांच्या गाठींतून एक जंतू वेगळा केला आणि त्यावरून पुढे लशीचे प्रयत्न झाले, हे काम त्यांच्या नावावर आहेच. नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांची सेवा पाहिलेल्या पनवेलकराला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली. तिचे कार्यालय वाशीत आहे. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्या जन्मशहरातल्या किती शाळांत त्यांची तसबीर असेल, याची मला शंका आहे.

छेद म्हणजे नुसता अभ्यासाचा विषय नव्हे, हे मला घरात कळले. माझ्या थोरल्या वहिनींच्या गळ्याला काही वर्षांपूर्वी थायरॉइडची गाठ आली. सुईने पेशी काढून तपासल्या, तर अहवालात आले की गाठ फॉलिक्युलर प्रकारची आहे. साधी की कर्करोगाची ते सांगता येत नाही. घरात सगळे गोंधळले. एवढ्या पेशी पाहूनही सांगता येत नाही म्हणजे काय? पण खरोखरच सांगता येत नाही. या प्रकारात साध्या गाठीच्या आणि कर्करोगाच्या पेशी दिसायला सारख्याच असतात. फरक पेशीच्या चेहऱ्यात नाही, तिच्या वागण्यात आहे : गाठीभोवतीचे वेष्टण तिने फोडले आहे का, आणि ती रक्तवाहिनीत शिरली आहे का. ते पाहायला गाठ काढावी लागते आणि वेष्टणाच्या कडेकडेने अनेक ठिकाणी छेद घ्यावे लागतात. जिथे घुसखोरी झाली असेल ती जागा एखाद्या मिलिमीटरचीही असू शकते. सुरी तिच्यातून गेली तर दिसणार, शेजारून गेली तर नाही. वहिनींचा अहवाल तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला सांगितले की शंका राहिली की त्या उरलेला तुकडाही पूर्ण कापून पाहतात, आणि तरीही छेदाछेदांमधली जागा न पाहिलेलीच राहते. वहिनींची गाठ साधी निघाली. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतात आणि तासभर चहाची वाट पाहतात, एवढाच त्रास.

थायरॉइडच्या प्रत्येक पुटकुळीभोवती केशवाहिन्यांची टोपली विणलेली असते. वजनाच्या मानाने शरीरातल्या सर्वाधिक रक्त मिळणाऱ्या अवयवांत तिची गणना होते. गाठ वाढायची तर तिला स्वतःचे रक्त ओढून आणावे लागते, हा विचार जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये ठामपणे मांडला तेव्हापासून कर्करोग-संशोधनात रक्तवाहिनी पार्श्वभूमीतून पुढे आली. आणि तिला पुढे आणून दाखवणारी यंत्रेही मग एकामागून एक आली.

त्यातले पहिले कॉन्फोकल. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात गाजलेले तेच मिन्स्की. त्यांना मेंदूतल्या पेशींचे जाळे पाहायचे होते आणि वरच्या-खालच्या थरांतून येणाऱ्या धूसर प्रकाशाने चित्र गढूळ होत होते. त्यांनी प्रकाशाच्या वाटेत सुईच्या टोकाएवढे छिद्र ठेवले. नेमक्या एका खोलीवरून आलेला प्रकाशच त्यातून जातो, बाकीचा अडतो. मग खोली थोडी थोडी बदलत जायचे, प्रत्येक थराचे चित्र घ्यायचे आणि ती रचायची. बोर्न यांच्या मेणाच्या पट्ट्याच या, फक्त सुरी प्रकाशाची. लेसर आणि संगणक हाताशी येईपर्यंत तीस वर्षे गेली. असे यंत्र बाजारात मिळू लागले ते १९८० च्या दशकाच्या शेवटी. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी दोन फोटॉनांचा सूक्ष्मदर्शक केला. तो जिवंत ऊतीत आणखी खोल पाहतो. २००४ मध्ये हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेतून प्रकाशाच्या पातळ पडद्याने बाजूने उजळणारा सूक्ष्मदर्शक आला. त्याची मूळ कल्पना सीडेनटोप्फ आणि झिग्मोन्डी यांची, १९०३ ची. आणि श्पाल्टेहोल्त्स यांचे तेलही अडगळीतून बाहेर आले. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या चुंग आणि डायसेरोथ यांनी ऊतीतली चरबी धुऊन काढून अख्खा उंदराचा मेंदू काचेसारखा केला. इतरांनी द्रावके वापरून तेच साधले. आता पेशी ओळखायची सोयही होती : इन्सुलिनला एक रंग, रक्तवाहिनीच्या अस्तराला दुसरा, दोन्ही चमकणारे.

चित्र स्पष्ट झाले तसे जुने समजही हलले. पीयूषिकेतल्या वाढीच्या संप्रेरकाच्या पेशी आपण आकृतीत मीठ भुरभुरल्यासारख्या विखुरलेल्या काढत असू. २००५ मध्ये फ्रान्समध्ये मोंपेलिए येथील गटाने त्या पेशी हिरव्या चमकणाऱ्या उंदरांच्या ग्रंथी तीन मितींत पाहिल्या, तर त्या पेशी एकमेकींना धरून ग्रंथीभर पसरलेले अखंड जाळे निघाल्या. छेदात ते जाळे तुटून ठिपके होत होते. २०१० मध्ये त्यांनीच जिवंत उंदरात दाखवले की हे जाळे आणि केशवाहिन्यांतला प्रवाह एकमेकांच्या तालावर चालतात. स्वीडनच्या उमेओ येथील गटाने २००७ मध्ये उंदराचे अख्खे स्वादुपिंड पारदर्शक करून त्यातल्या द्वीपिका जागच्या जागी दाखवल्या. लाडू न फोडता बुंदी मोजण्याचाच हा प्रकार.

पुण्यातही या बेटांवर दीर्घकाळ काम झाले आहे. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांनी द्वीपिका वेगळ्या काढून बशीत जगवण्याचे, वाढवण्याचे प्रयोग केले. अशा प्रयोगांमागची आशा म्हणजे मधुमेह्याला इन्सुलिनची सुई नको, पेशीच द्याव्यात. २००० मध्ये कॅनडातील एडमंटनच्या डॉक्टरांनी सात रुग्णांना मृत दात्यांच्या द्वीपिका देऊन त्यांचे इन्सुलिन थांबवले, तेव्हा ही आशा जगभर पसरली. पण द्वीपिका स्वादुपिंडातून सोडवताना तिच्या रक्तवाहिन्या तुटतात. नव्या जागी गेल्यावर नवीन वाहिन्या शिरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तोवर आतल्या पेशी प्राणवायूवाचून मरू लागतात. दिलेल्या द्वीपिकांपैकी पुष्कळ अशाच वाया जातात. म्हणून नव्या जागी कोणती वाहिनी कुठून शिरली, हे तीन मितींत पाहणे हौस म्हणून नाही, पेशी वाचवण्यासाठी आहे.

खारघरच्या संस्थेतही कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आहेत. परळच्या गर्दीतून टेकडीच्या पायथ्याशी आलेल्या संस्थेत उंदरांना आणि विद्यार्थ्यांना दोघांनाही ऐसपैस जागा मिळाली. एका पाहणीच्या दिवशी तिथल्या पडद्यावर एका ऊतीचा ढीग फिरवून दाखवला गेला. रंग भपकेबाज होते आणि त्याचा मला थोडा रागही आला, कारण निसर्गात पेशी लाल-हिरव्या नसतात आणि चित्र देखणे झाले की प्रश्न विचारायचा राहून जातो. शिवाय या पद्धतींच्या मर्यादा आहेत. पारदर्शक करताना ऊती आकसते किंवा फुगते, ओळख पटवणारी प्रतिद्रव्ये आतपर्यंत पोचायला दिवसचे दिवस घेतात, आणि एका ग्रंथीची माहिती साठवायला कपाटभर जागा लागते. रुग्णालयातल्या रोजच्या अहवालात पातळ छेदाचीच सद्दी आहे, आणि अनुभवी डोळ्यापुढे ती बरीच वर्षे राहील असे मला वाटते.

द्वीपिकेतल्या प्रवाहाची गोष्ट मात्र गमतीची आहे. उंदराच्या द्वीपिकेत इन्सुलिनच्या पेशी मध्यभागी आणि ग्लुकॅगॉनच्या पेशी कडेने असतात. माणसाच्या द्वीपिकेत त्या बऱ्याच मिसळलेल्या. रक्त आधी कोणाला भेटते यावर कोण कोणाला हुकूम देते हे ठरते. १९८२ मध्ये सुसन बॉनर-वियर आणि लेलिओ ओर्ची यांनी उंदराच्या द्वीपिकांतल्या वाहिन्यांत राळ भरून, ऊती विरघळवून, उरलेले ठसे पाहिले आणि वाहिन्यांची मांडणी सांगितली. २००८ मध्ये जिवंत उंदरात प्रवाह पाहिला गेला तेव्हा बहुतेक द्वीपिकांत तो आतून बाहेर जाताना दिसला, पण काहींत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. त्यानंतरच्या काही कामांत असे दिसते की द्वीपिकेच्या सीमेवर रक्त थांबतच नाही, आजूबाजूच्या पाचकरसाच्या पेशींतही ये-जा करते. माणसाच्या स्वादुपिंडात काय होते, यावर तज्ज्ञांचे आजही एकमत नाही. पोपा आणि फील्डिंग यांना पडलेला प्रश्न, चढण की उतार, शंभर वर्षांनी दुसऱ्या ग्रंथीपाशी पुन्हा उभा आहे, आणि या वेळी यंत्रे त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगली आहेत.